कळवतो म्हणाले

बाजारातली शेवळं, ती पहिल्या पावसातली रानभाजी, संपली की आमच्या डोंबिवलीत फलक उगवतात. शेवळं निदान खाता येतात. ती घशाला खाजतात म्हणून विकणारी बाई न मागता सोबत मूठभर काकडं, म्हणजे आंबट रानफळं, देते, ती भाजीत टाकली की खाज मरते. फलकांबरोबर असा उतारा कुणी देत नाही. स्टेशनाबाहेर, पुलाच्या कठड्याला, कॉलेजच्या फाटकावर सगळीकडे एकच मजकूर: 'पदवीधरांनो, स्वतःला नव्याने घडवा.' खाली पाच-सहा हसरे फोटो. त्यातले बरेचसे वडिलांच्या धंद्यात आयते बसलेले. यंदा मात्र त्यात एक फोटो माझ्या चांगल्या ओळखीचा निघाला. त्याच्याकडे मी येणार आहे.

मला या ओळीचा राग येतो. वीस-एकवीस वर्षांचं पोर अजून एकदाही धड घडलेलं नसतं, त्याला तुम्ही नव्याने काय घडवणार? नोकऱ्या नाहीत हे सरळ सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून दोष पोरांच्या घडणीवर ढकलून मोकळं व्हायचं. नाचता येईना अंगण वाकडं, अशी आपली म्हण आहे. इथे अंगणच नाही, आणि तुला नाचता येत नाही म्हणून शिकवणी लाव, असं चाललंय.

परवा सकाळी रोहनचा फोन आला. रोहन माझा जुना विद्यार्थी. मी कॉलेजात मराठी शिकवायचे तेव्हा तो मागच्या बाकावर बिनघोर झोपायचा. आता तो ट्रान्सफॉर्मेशन कोच आहे, म्हणजे दुसऱ्यांना जागं करतो. "मॅडम, यंदाही याल ना? दोनच सेशन्स. तुमच्या मराठीचा एक वेगळाच व्हाइब असतो," तो म्हणाला. मी म्हटलं, "बघते रे. कळवते." फोन ठेवला आणि माझं मलाच कसंतरी झालं. ज्या शब्दाचा मी आयुष्यभर तिरस्कार केला तो माझ्याच तोंडून इतक्या सहज निघाला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात मी त्याच्या या फलकवाल्या शिबिराला शिकवायला गेले होते. निवृत्त माणसाला कुणी बोलावलं की तो जातो, एवढंच त्याचं कारण. आमच्याच कॉलेजचं सभागृह, तिसऱ्या मजल्यावर. भिंतींना ओल, पंख्याला आचका, आणि दाराशी उघड्या छत्र्यांचं तळं. ठाण्या-कल्याणकडची पोरं ओले बूट वाजवत जिने चढून येत, कारण लिफ्टवर 'बंद आहे' ही पाटी मी नोकरीला लागले तेव्हापासून होती. त्या दमलेल्या पोरांना रोहनने पहिल्या दिवशी एलिव्हेटर पिच शिकवली. म्हणजे, समजा तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात आणि आत एखाद्या मोठ्या कंपनीचा साहेब उभा आहे, तर वरचा मजला येईपर्यंत त्याला आपण कोण ते सांगून टाकायचं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं. पायऱ्यांवर साहेब भेटला तर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी 'तुमचा दोष कोणता?' या प्रश्नाचं उत्तर. दोष असा सांगायचा की तो गुण वाटला पाहिजे. मग एकेक जण उठून म्हणू लागला, सर, मी फार परफेक्शनिस्ट आहे. त्यांतल्या एकाच्या शर्टाची गुंडी एक घर चुकून लागली होती, आणि तोही अगदी मनापासून तेच म्हणाला. मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. पोरांचं हसू नव्हतं ते. जो माणूस सगळ्यांना एकच दोष वाटून देतो आणि त्याला घडवणं म्हणतो, त्याचं होतं.

तिसऱ्या दिवशीच्या सत्राचं नाव होतं ग्रूमिंग. चहाच्या वेळी एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. मयूरी तिचं नाव. बाळकुमची, आगऱ्यांची. यांच्या भातशेतांवर आता टॉवर आहेत आणि यांचं घर त्या टॉवरच्या सावलीत. बी.कॉम. झालेली, आवाज खणखणीत, हसली की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघणार. ती म्हणाली, "मॅडम, आज ग्रूमिंग हाय म्हणून घरी सांगितलं, तर आत्या काय बोलली म्हायतंय? ग्रूम म्हंजे नवरा ना गो? मंग आमचे पोरीला नवरा कशाला बनवतान?"

मी चहा सांडेपर्यंत हसले. एका शब्दात त्या बाईने अख्ख्या शिबिराची पिसं काढली होती.

रोहनला मात्र मयूरीत एकच गोष्ट दिसली होती. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हिचं सगळं ठीक आहे, फक्त ळ नाही. काळाला काल म्हणते. तेवढा ळ करून द्या." मी विचारलं, मुलाखती कोणत्या भाषेत असतात? म्हणाला, ऑफकोर्स इंग्लिश. मी म्हटलं, अरे, मग इंग्रजीत ळ कुठे असतो? तो थोडा वेळ विचारात पडला. हा याच्या आयुष्यातला पहिला मराठीचा तास, जो तो जागेपणी बसला.

समारोपाच्या आदल्या दिवशी फर्मान निघालं की मुलाखतीला ब्लेझर हवाच. भाड्याने मिळतो, विठ्ठलवाडीला, पत्ता रोहनकडेच होता. मयूरी म्हणाली, मॅडम, चला ना सोबत. मी गेले, खरं म्हणजे कुतूहलाने. दुकान निघालं नवरदेवांच्या कपड्यांचं. शेरवान्या, फेटे, मोजड्या, काचेच्या कपाटात तलवारी. आषाढी एकादशीपासून लग्नं बंद, चातुर्मासभर दुकानात माशा मारायच्या, म्हणून मालकाने डोकं चालवून रिसेप्शनचे कोट पदवीधरांना द्यायला सुरुवात केली होती. दारात नवी पाटी, इंटरव्ह्यू ब्लेझर मिळतील. आत डांबरगोळ्यांचा, जुन्या गुलाबपाण्याचा आणि न वाळलेल्या अस्तरांचा मिळून एक वास. चार पोरं आरशासमोर उभी होती आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्यात, असं वाटत होतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण ही पोरं कुठे उतावळी होती? त्यांना धरून आणून बाशिंग बांधलं होतं.

बायकांचे ब्लेझर मालकाकडे नव्हतेच. "लहंगा है, शरारा है, बोलो," तो म्हणाला. शेवटी एका बारीक नवरदेवाचा गडद निळा कोट काढला, कॉलरला चकचकीत सॅटिनची पट्टी. तो मयूरीला पाठीत एवढा ढगळ झाला की मालकाने मागून सेफ्टी पिनांची रांग लावली आणि बजावलं, "साहेबांना पाठ नाय दाखवायची. और एक बात, तुलसी के लगन तक वापस चाहिए. फिर अपना सीझन चालू."

मयूरीने कोट घडी करून पिशवीत घातला. बाहेर पडल्यावर रिक्षाच्या रांगेत उभ्या असताना म्हणाली, "बाबा पन तेच बोल्ले. तुलशीचं लग्न होईपर्यंत नोकरी बघ. नाय मिलाली तर मंग आमी बघतो तुजा." म्हणजे कोटाची आणि मुलीची मुदत एकच होती. तोवर कोट तिच्याकडे, त्यानंतर कोट एखाद्या नवरदेवाकडे आणि तीही एखाद्या नवरदेवाकडे. समोर नाल्याचं पाणी रस्त्यावर आलेलं, तिने कोटाची पिशवी छातीशी धरलेली. मला तिची भीती अगदी आतून कळली. ती मी ओळखत होते.

कारण तुळशीच्या लग्नानंतरचे ते दिवस माझ्याही वाट्याला आले होते. कल्याणला आमची जागा दोन खोल्यांची. कार्तिक सरत आला की आई रव्याच्या डब्याआड ठेवलेले काजू बाहेर काढायची आणि घरात नव्या चादरीचा वास यायचा. मग माणसं यायची. नाव काय, शिक्षण काय, गाता येतं का, जरा चालून दाखव. मी एम.ए.ला पहिली आलेली, आणि चालून दाखवायची. पोहे संपले की कुणीतरी वडीलधारा गुडघ्यावर हात टेकून उठायचा आणि म्हणायचा, "बरं आहे, कळवतो." त्यानंतर वडील रोज पोस्टमनची वाट बघायचे आणि बघत नाही असं दाखवायचे. कार्ड आलंच तर त्यात एकच ओळ, पत्रिका जुळत नाही. बहुतेकदा तेही नाही. नकाराचं दुःख मला फारसं झालं नाही, कारण त्यातले बरेचसे दोनदा बघण्यासारखे नव्हते. पण त्या कळवतोने आमच्या घरात जे मुके मुके दिवस आले, त्यांची चीड अजून गेली नाही. एका माणसाला नाही म्हणायची हिंमत नसली की समोरच्या अख्ख्या घराला कळ काढत बसावं लागतं.

मयूरीच्या मुलाखतीची हकीकत तिने माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितली. कंपनी वागळे इस्टेटमधली, पंप विकणारी. टेबलापलीकडे तिघे. तिने लिफ्टमधलं भाषण बसल्या जागी म्हटलं, दोष विचारल्यावर परफेक्शनिस्ट म्हणाली. मग एका कागदावर सही करायला सांगितली, म्हणून तिने कोटाच्या आतल्या खिशात हात घालून पेन काढलं, आणि पेनाबरोबर अक्षता आल्या. लाल, कुंकवात भिजवलेल्या, कुणाच्या तरी वैशाखातल्या लग्नाच्या. टेबलावर, तिच्या गुणपत्रिकेवर, एका साहेबाच्या चहात. मग मधला म्हणाला, नुकतंच लग्न झालं का? ती म्हणाली, नाही सर. तो म्हणाला, मग ठरलंय का? ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, म्हणजे करणार असाल लवकरच. मयूरीने बोटाने एकेक दाणा गोळा केला आणि उठली. पाठीच्या पिना दिसू नयेत म्हणून ती देवळातून निघतात तशी उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली. तिघांना तो संस्कार वाटला असावा. ते प्रसन्न हसले आणि म्हणाले, "वी विल लेट यू नो."

"म्हंजे कलवतो," ती मला म्हणाली. मी तिला थालीपीठ वाढलं. दुसरं काय करणार होते?

श्रावण गेला. मयूरी मधून मधून यायची, कधी तिच्या आत्याने दिलेला सुका जवळा घेऊन. तिच्या मोबाइलकडे ती अशी बघायची की मला माझे वडील आठवायचे. रोहनने सल्ला दिला की आठवड्याला एक नम्र मेल पाठवायची, आपण अजून उत्सुक आहोत असं लिहायचं. तिने पाठवल्या. भिंतीवर चेंडू टाकला तर तो तरी परत येतो. गणपती आले, बुडाले. नवरात्रात ती म्हणाली, "मॅडम, नाय बोलाला काय पैसे पडतात काय ओ?" आमच्या काळात पत्रिका जुळायची नाही, आता म्हणे कल्चर फिट होत नाही. तेवढं तरी लिहून पाठवावं की नाही? बाजारात मंदी आहे, मान्य. पण दोन अक्षरांच्या नाहीला मंदी कशी येते, हे मला कुणी समजावून सांगावं.

तुळशीचं लग्न लागलं. उसाच्या मांडवाखाली मयूरीच्या आत्याने तुळस उजवली आणि दुसऱ्या दिवशी कोट विठ्ठलवाडीला परत गेला. त्याच आठवड्यात मला बाळकुमहून बोलावणं आलं. "मॅडम, पाव्हणे येतान. तुमी या. मना कोनतरी माजं पायजे." मी गेले.

दिवाणखाना मोठा, खिडकीतून समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्या दिसत होत्या, जिथे पूर्वी यांचं भात उभं राहायचं. मुलगा शांत, मोबाइलमध्ये. बोलत होता त्याचा मामा, बोटांत तीन अंगठ्या. नोकरी करनार काय, करायची तर कशाला, घरात काय कमी हाय. मयूरी साडीत होती आणि विचारलं त्याला उत्तर देत होती. तिचे वडील दारात उभे, पाहुण्यांच्या बशांकडे लक्ष ठेवून. शेवटी मामाने गुडघ्यावर हात टेकला. तो हात मी ओळखला.

"बरा, निंगतो आमी. घरी बोलून कलवतो," तो म्हणाला.

मयूरी रिकाम्या कपांचा ट्रे उचलत होती. तिने तो तसाच खाली ठेवला. आवाज चढवला नाही, तो तिचा मुळातच चढलेला असतो. म्हणाली, "काका, कलवू नका. हितंच सांगा, हो का नाय. मी पन सांगते. माजा नाय हाय."

मामा अर्धवट उठलेला होता, तो तसाच राहिला. मुलाने पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर काढली आणि मला वाटतं त्याला बरं वाटलं. ते गेल्यावर वडिलांनी बशा गोळा करून ट्रेवर ठेवल्या. आत्या ट्रे घेऊन आत जाता जाता म्हणाली, "बरा जाला. चा तरी गरम पिऊन गेली." मला त्या क्षणी रडू येत होतं. मयूरीच्या नव्हे, माझ्या जुन्या दिवसांच्या आठवणीने. त्या दोन खोल्यांत मला हे वाक्य कधी सुचलंच नव्हतं.

वडील दोन दिवस लेकीशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "नवऱ्याला नाय बोललीस ना, आता नोकरीकडनं हो आनून दाखव."

मयूरी उठली आणि वागळे इस्टेटमध्ये त्याच पंपांच्या कंपनीत गेली. कोट नाही, पिना नाहीत, रोजचा पंजाबी ड्रेस. मुलाखत घेणाऱ्यांतला मधला साहेब बाहेरच्याच टेबलावर होता. त्याने बघितलं आणि म्हणाला, "ती तांदूळवाली ना?" तिने विचारलं, "सर, माजं हो का नाय?" तो म्हणाला, आम्ही तुम्हाला कळवू. ती म्हणाली, "ते तुम्ही आषाढात बोललात. आता कार्तिक संपला. नाय तर नाय सांगा, मी जाते." तो चाचरला. ती जागा केव्हाच भरली होती, पण हे तिला तोंडावर सांगणं त्याच्याने होईना. तिचा आवाज आतल्या केबिनपर्यंत गेला आणि म्हातारे मालक चष्मा कपाळावर घेऊन बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमची निम्मी गिऱ्हाइकं पंपाचा भाव विचारतात, कोटेशन घेतात आणि कळवतो म्हणून बसतात. त्यांना असंच विचारशील?"

"विचारीन की," मयूरी म्हणाली.

पुढच्या सोमवारपासून ती कामाला लागली. तिला कुणी नव्याने घडवलं नव्हतं. जी ळ नसलेली, चढ्या आवाजाची, उत्तर मागणारी मुलगी पुसून टाकायला आम्ही सगळे बसलो होतो, तीच त्यांना हवी होती. अर्थात हेही मी फार वाढवून सांगणार नाही. त्या शिबिरातली गुंडी चुकलेल्या शर्टवाल्यासारखी कितीतरी पोरं अजून मेल पाठवत बसली असतील, आणि त्यांच्या नशिबी चष्मा कपाळावर घेणारा मालक येईलच असं नाही.

यंदाच्या फलकावरचा ओळखीचा फोटो तिचाच आहे. 'आमच्या शिबिराचं यश,' असं खाली छापलंय. फोटो त्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी काढलेला, अंगात तोच निळा कोट, सॅटिनची पट्टी चकाकतेय. कुणाच्या तरी लग्नाचा कोट आणि कुणाच्या तरी हिमतीचं श्रेय, दोन्ही भाड्याचं. मी संतापून तिला फोन केला. ती कामात होती, मागे कुणाला तरी सांगत होती, 'शेठ, हो का नाय तेवढा बोला.' माझं ऐकून म्हणाली, "असू द्या ओ मॅडम. फोटो बरा आलाय. पिना कुठं दिसतान."

मग म्हणाली, आता ऑफिसात नवीन पोरं मुलाखतीला येतात, तेव्हा मालक तिलाही आत बसवतात. मी विचारलं, मग तू काय विचारतेस? ती म्हणाली, "काय नाय. पन उठायच्या आधी सांगून टाकते. नाय जाला तर नाय. एक पोरगी रडली परवा. मी पानी दिला, बोलली, रड, पन घरी जाऊन फोनकडं बघत बसू नको."

फोन ठेवून मी खिडकीत आले. समोरच्या पुलाच्या कठड्यावर तो फलक पावसात भिजत होता आणि एक कोपरा सुटून फडफडत होता. मी रोहनचा नंबर लावला.

"बोला मॅडम. येताय ना?"

"नाही, रोहन. येणार नाही."

मग तो शिबिरात शिकवतो त्या गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, अशी घाई नका करू. निवांत विचार करा आणि दोन दिवसांनी कळवा."

"कळवलं," मी म्हटलं.